गोकाकचा कडा कशाचा बनला आहे? गाळाच्या खडकांची घडण आणि वर्गवारी

शालेय भूगोलात खडकांचे तीन प्रकार शिकवले जातात: अग्निज, स्तरित आणि रूपांतरित. यांपैकी मधल्या प्रकाराला दिलेले 'स्तरित' हे नाव आपल्या भागातील विद्यार्थ्याची हमखास दिशाभूल करते, असे माझे मत आहे. बेळगावहून आंबोलीकडे निघालेल्या मुलाला समोरच्या डोंगरांत एकावर एक रचलेल्या आडव्या पायऱ्या दिसतात आणि जिथे थर तिथे स्तरित खडक, असा सरळ हिशेब करून तो चुकीचे उत्तर लिहून येतो. त्या पायऱ्या लाव्हारसाच्या आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पुन्हा पुन्हा बाहेर पडून पसरलेला लाव्हा थंड होऊन आपला काळा दगड, म्हणजेच बेसॉल्ट, तयार झाला आणि प्रत्येक उद्रेकाचा एक थर साचत गेला. थर आहेत म्हणून खडक गाळाचा ठरत नाही. तो आधी कण होता की वितळलेला रस होता, हे पाहावे लागते. म्हणूनच या लेखात मी 'गाळाचे खडक' हाच जुना, साधा शब्द वापरणार आहे.

गाळाचा खडक पाहण्यासाठी बेळगाव शहरातून पूर्वेकडे निघावे लागते. शहराखाली आणि पश्चिमेला बेसॉल्ट व त्यावरचा तांबडा चिरा आहे. परंतु गोकाक, सौंदत्ती आणि रामदुर्ग या तालुक्यांत पोहोचेपर्यंत डोंगरांचा रंग व आकार दोन्ही बदललेले असतात. गोकाकजवळ घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर उंचीवरून ज्या कड्यावरून कोसळते तो कडा, मलप्रभेने नविलुतीर्थाजवळ जो डोंगर चिरून वाट काढली आणि जिथे पुढे धरण बांधले गेले तो डोंगर, आणि दरवर्षी सीमाभागातून व कोल्हापूर-सांगलीकडून लाखो भाविक जिथे जातात तो यल्लम्माचा डोंगर, हे सर्व मुळात वाळूचे आहेत. भूवैज्ञानिक या सर्व खडकांना मिळून 'कलादगी' गट म्हणतात. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील कलादगी गावावरून हे नाव पडले असून, रॉबर्ट ब्रूस फूट यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी या दक्षिण मराठा मुलखाची पाहणी करून १८७६ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हे खडक अडीचशे कोटी ते चौपन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्रदीर्घ कालखंडातले आहेत. म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड त्यांच्या तुलनेत अगदी अलीकडचा आहे, आणि प्रत्यक्षातही उत्तरेकडे व पश्चिमेकडे तो या खडकांवर पांघरूण घातल्यासारखा पसरलेला आढळतो.

वाळूचा डोंगर होण्याआधी वाळू तयार व्हावी लागते, आणि वाळू तयार होण्यासाठी एखादा जुना खडक झिजावा लागतो. या झिजण्याला विदारण म्हणतात. ऊन, पाऊस, मुळे आणि हवेतील वायू मिसळून किंचित आम्ल झालेले पाणी यांच्या माऱ्यापुढे खडकातील सर्व खनिजे सारखी टिकत नाहीत. ग्रॅनाइटचे उदाहरण घेतले तर त्यातील फेल्डस्पार हे खनिज हळूहळू कुजून चिकणमाती होते, कॅल्शियम व सोडियमसारखी द्रव्ये पाण्यात विरघळून निघून जातात आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचे खनिज जवळजवळ जसेच्या तसे मागे उरते. म्हणजे एकाच खडकाच्या विदारणातून तीन वेगवेगळे माल निघतात: टिकाऊ कण, बारीक चिकणमाती आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये. पुढे गाळाच्या खडकांचे जे मोठे वर्ग पडतात त्यांचे बीज येथेच आहे, म्हणून वर्गीकरणाचा तक्ता पाठ करण्याआधी ही वाटणी नीट समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते. याच कारणाने आपल्या काळ्या दगडापासून गारेची वाळू होत नाही. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतेच. तो झिजला की निपाणी-चिकोडीकडची काळी, चिकट माती होते. गोकाकच्या कड्यातील वाळू पुरवणारे खडक त्यामुळे ग्रॅनाइटच्या जातीचे, क्वार्ट्झ असलेले आणि अर्थातच त्याहूनही जुने असले पाहिजेत, असा निष्कर्ष निव्वळ कणाकडे पाहून काढता येतो.

सुटे झालेले कण वारा, हिमनदी, समुद्राच्या लाटा आणि सर्वांत जास्त करून नद्या वाहून नेतात. पाण्याचा वेग जितका जास्त तितका मोठा कण उचलला जातो आणि वेग मंदावला की आधी गोटे, मग वाळू, मग बारीक गाळ आणि सर्वांत शेवटी चिकणमाती खाली बसते. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, घटप्रभा व कृष्णा या नद्यांना महापूर आला तेव्हा नदीकाठच्या अनेक गावांनी हा धडा नको त्या पद्धतीने अनुभवला. ज्या ठिकाणी पाणी धारेला होते तेथे वाळू आणि खडी येऊन पडली, तर जेथे ते दिवसेंदिवस तुंबून राहिले त्या घरांमध्ये पीठासारख्या बारीक चिखलाचा थर बसला, आणि ऊन पडल्यावर त्याच थराला बहुकोनी भेगा पडून त्याच्या खपल्या सुटू लागल्या. भूविज्ञानाच्या दृष्टीने तो एका पुराचा, एका थराचा पूर्ण नमुना होता. ज्यांना हेच घरी पाहायचे असेल त्यांनी काचेच्या उभ्या बरणीत शेतातील माती व पाणी घालून ती जोराने हलवावी आणि स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाला जाते, तिच्यावर मधल्या आकाराचा गाळ काही तासांत बसतो आणि चिकणमातीमुळे आलेला गढूळपणा दुसऱ्या दिवशीही पुरता निवळलेला नसतो.

प्रवासात कणांचे आणखी दोन गुण बदलतात. एकमेकांवर आपटून त्यांचे कोपरे घासले जातात आणि ते गोलसर होतात. शिवाय सारख्या आकाराचे कण एकत्र येत जातात. डोंगराच्या पायथ्याशी दरड कोसळून जमलेल्या ढिगात लहान-मोठे, टोकदार तुकडे कसेही मिसळलेले असतात, तर समुद्रकिनाऱ्यावरची वाळू चाळणीतून काढल्यासारखी असते.

तरीही बसलेला गाळ हा खडक नव्हे. त्याचा खडक होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली म्हणजे दाब. नवा गाळ वरून साचत राहतो तसा खालचा गाळ दडपला जातो आणि त्यातील पाणी पिळून निघते. ताज्या चिखलात निम्म्याहून अधिक जागा पाण्याने व्यापलेली असते, त्यामुळे चिखलाच्या थराची जाडी दाबाखाली फार कमी होते. वाळूचे कण मात्र एकमेकांना टेकलेले असल्याने ती तुलनेने कमी दबते. वाळूला खडक बनवण्याचे काम म्हणून मुख्यतः दुसऱ्या क्रियेकडे जाते, आणि ती म्हणजे सांधणे. कणांच्या फटींतून हजारो-लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्यातील विरघळलेली द्रव्ये त्या फटींमध्ये स्फटिकरूपाने जमतात आणि कणांना एकमेकांशी जोडतात. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत गिझरच्या कॉइलवर किंवा पातेल्याच्या तळाशी जो पांढरा क्षार धरतो, तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असतो. वाळूच्या फटीत तोच क्षार बसला की चुन्याने सांधलेला वालुकाश्म तयार होतो. चुन्याऐवजी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचे बनलेले असते ते द्रव्य, बसली तर खडक अत्यंत कठीण होतो आणि लोहाची ऑक्साइडे बसली तर तो तांबडा होतो. बदामीची लेणी ज्या वालुकाश्मात चालुक्यांनी सहाव्या शतकात कोरली त्याचा तो प्रसिद्ध तांबूस रंग म्हणजे कणांभोवतीच्या लोहाच्या गंजाचा रंग आहे. कण स्वतः मुख्यतः पांढऱ्या क्वार्ट्झचेच आहेत.

आता वर्गीकरणाकडे वळू. तुकड्यांपासून झालेल्या खडकांची नावे सर्वप्रथम कणांच्या आकारावरून ठरतात. येथे आकार म्हणजे मोजमाप. रंग किंवा खनिज यांचा विचार नंतर होतो. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे कण म्हणजे गोटे किंवा खडी, २ मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या सोळाव्या भागापर्यंत वाळू, त्याखाली मिलिमीटरच्या २५६ व्या भागापर्यंत बारीक गाळ आणि त्याहून सूक्ष्म ती चिकणमाती. ही मापे मनमानी वाटतील, पण १९२२ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक वेंटवर्थ यांनी मांडलेली ही पट्टी प्रत्येक पायरीला आकार निम्मा करत जाते आणि जगभर तीच वापरली जाते. बारीक गाळ आणि चिकणमाती यांतील फरक डोळ्यांना दिसत नाही. क्षेत्रकाम करणारे भूवैज्ञानिक चिमूटभर नमुना दातांखाली घेतात. कचकचला तर गाळ, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. कोणी हसले तरी ही पद्धत अजून चालते.

गोट्यांच्या खडकाची कल्पना येण्यासाठी गोकाकची करदंट ही मिठाई आठवावी. त्यात काजू, बदाम, खारीक यांचे तुकडे मोठे कण आहेत, त्यांच्यामधल्या जागेत बारीक चुरा भरलेला आहे आणि गूळ व डिंक यांनी सगळे सांधलेले आहे. पिंडाश्माची रचना नेमकी अशीच असते: मोठे गोटे, त्यांच्यामधली वाळू आणि सांधणारे द्रव्य. गोटे गोलसर असतील तर खडकाला पिंडाश्म म्हणतात आणि टोकदार तुकडे असतील तर कोनाश्म. हा भेद केवळ दिसण्यापुरता नाही, कारण गोल गोटा लांबून वाहत आला आहे आणि टोकदार तुकडा आपल्या मूळ कड्यापासून फार दूर गेलेला नाही, ही माहिती त्या नावातच साठवलेली आहे. कलादगी गटाच्या तळाशी असे पिंडाश्म सापडतात आणि त्यांतील गोटे त्याहून जुन्या खडकांचे आहेत.

वाळूच्या खडकाला वालुकाश्म म्हणतात आणि त्याचे पोटभेद कण कशाचे आहेत यावरून पडतात. जवळजवळ सगळे कण क्वार्ट्झचे असतील तर ती वाळू दीर्घकाळ झिजून, धुऊन, निवडून आलेली असते, कारण नाजूक खनिजे वाटेत संपून गेली आहेत. पाव हिश्शाहून अधिक फेल्डस्पार असलेल्या वालुकाश्माला आर्कोझ म्हणतात; फेल्डस्पार सहज कुजत असल्यामुळे त्याचे शिल्लक राहणे हे उगमापासून जवळ, घाईने साचल्याचे किंवा कोरड्या हवामानाचे लक्षण ठरते. तिसऱ्या प्रकारात इतर खडकांचेच लहान तुकडे भरपूर असतात.

येथे एका शब्दाबद्दल सावध राहिले पाहिजे. गोकाक आणि सौंदत्तीच्या खडकांना पुष्कळदा 'क्वार्ट्झाइट' म्हटले जाते आणि पाठ्यपुस्तकात क्वार्ट्झाइट हा रूपांतरित खडक म्हणून दिलेला असतो, त्यामुळे वाचक गोंधळतो. प्रत्यक्षात हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. उष्णता व दाब यांमुळे वालुकाश्माचे कण पुन्हा स्फटिकीभूत झाले तर तो रूपांतरित क्वार्ट्झाइट होतो. परंतु क्वार्ट्झची वाळू सिलिकेनेच इतकी पक्की सांधली गेली की खडक फोडताना भेग कणांच्या कडेने न जाता कणांना छेदून जाते, तेव्हाही त्याला क्वार्ट्झाइटच म्हणण्याची प्रथा आहे, आणि तो मात्र गाळाचाच खडक असतो. एकाच नावाचा असा दुहेरी वापर गैरसोयीचा आहे, पण तो आता सुटणार नाही. साध्या वालुकाश्मावर नख किंवा चाकू घासला तर कण सुटतात, अशा क्वार्ट्झाइटवर मात्र चाकूचेच लोखंड झिजून त्याची रेघ उमटते. धबधब्यांचे कडे कोट्यवधी पावसाळे सोसून उभे राहतात ते याच सांध्यामुळे.

चिखलाच्या खडकाकडे पर्यटक ढुंकूनही पाहत नाहीत, पण जगातील गाळाच्या खडकांत सर्वाधिक वाटा त्याचाच आहे. तो पातळ पापुद्र्यांत सुटत असेल तर शेल, नसेल तर पंकाश्म. चिकणमातीची खनिजे सूक्ष्म पत्र्यांसारखी असतात आणि दाबाखाली ती आडवी पडतात, म्हणून हे पापुद्रे तयार होतात. मऊ असल्यामुळे शेलची लवकर माती होते आणि डोंगरउतारावर कठीण वालुकाश्माचा कडा पुढे आलेला व त्याखालचा शेलचा भाग आत गेलेला असे दृश्य तयार होते.

विदारणातून निघालेला तिसरा माल म्हणजे विरघळलेली द्रव्ये. ती समुद्रापर्यंत जातात आणि तेथे रासायनिक क्रियेने किंवा सजीवांच्या मदतीने पुन्हा घन होतात. या वर्गातील सर्वांत महत्त्वाचा खडक म्हणजे चुनखडक, आणि तो पाहण्यासाठी कोठेही जावे लागत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांची लहानपणीची फरशी त्याचीच होती. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातील भीमा खोऱ्यातला पातळ थरांचा चुनखडक आहे; स्वयंपाकघराच्या ओट्याचा कडाप्पा आंध्रातला काळा चुनखडक आहे; कोटा फरशी राजस्थानची. ओट्यावर लिंबू कापून तसाच ठेवला की कडाप्प्याची झळाळी जाऊन फिकट डाग पडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. भूवैज्ञानिक खिशात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली ठेवून फिरतो तो याच परीक्षेसाठी: चुनखडकावर थेंब पडताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फसफसून येतात. कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असलेला डोलोमाइट मात्र थंडपणे बसून राहतो आणि त्याची भुकटी केल्यावरच हळूहळू फसफसतो. ग्रॅनाइटच्या ओट्याच्या दगडाला लिंबाचे काहीही वाटत नाही.

कलादगी खोऱ्यातही चुनखडक आणि डोलोमाइट यांचे मोठे पट्टे आहेत. गोकाकच्या पूर्वेला यादवाडजवळचा सिमेंटचा उद्योग त्यावरच उभा आहे. इतरत्र चुनखडकात शंख-शिंपले भरलेले असतात. येथे ते शोधून सापडणार नाहीत, कारण हे खडक तयार झाले तेव्हा कवच धारण करणारे प्राणी अस्तित्वातच आले नव्हते. त्याऐवजी स्ट्रोमॅटोलाइट सापडतात. उथळ, उबदार पाण्यात सूक्ष्मजीवांच्या चिकट साईसारख्या थरांवर गाळ अडकत गेला, त्यावर नवी साय आली, पुन्हा गाळ अडकला, आणि कोबीच्या गड्ड्याला आडवे कापल्यावर दिसावी तशी वाकडी वलये दगडात उमटली. या परिसरातील सजीवांची ही अतिशय जुनी खूण आहे, आणि ज्या पाण्यात ती वाढली त्यात सूर्यप्रकाश पोहोचत होता एवढे त्यावरून कळते.

उरलेल्या प्रकारांना थोडक्यात आटोपता येईल. बंदिस्त खाडीचे किंवा सरोवराचे पाणी आटले की मीठ आणि जिप्सम यांचे थर मागे राहतात. सिलिकेच्या सूक्ष्म स्फटिकांचा घट्ट खडक म्हणजे चर्ट. आणि दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून कोळसा होतो, जो सेंद्रिय वर्गात मोडतो. कोळसा कलादगीच्या खडकांत असणे शक्यच नाही, कारण जमिनीवर त्या वेळी अरण्ये नव्हती.

नाव ठरल्यानंतरही खडकावर वाचण्यासारखे पुष्कळ शिल्लक असते. वालुकाश्माच्या थराच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी ओढ्याच्या तळाशी दिसतात तशा वाळूच्या बारीक लहरी दगड होऊन राहिलेल्या आढळतात. लहरीच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा असेल तर ती पुढे-मागे हलणाऱ्या लाटांनी, म्हणजे उथळ किनाऱ्याजवळ, झाली आहे. एका बाजूचा उतार मंद व दुसरीचा तीव्र असेल तर पाणी एकाच दिशेने वाहत होते आणि तीव्र उतार त्या वाहण्याची दिशा दाखवतो. बदामीच्या कड्यांत मुख्य थर आडवे असूनही त्यांच्या पोटात तिरक्या रेषांचे पट्टे दिसतात. ते सरकत्या वाळूच्या ढिगांचे उतार आहेत. चिखलाच्या भेगा टिकून राहिल्या असतील तर तो चिखल कधीतरी उघडा पडून वाळला होता.

थर मुळात आडवे साचतात आणि न उलथलेल्या रचनेत खालचा थर वरच्याहून जुना असतो, हे डेन्मार्कचे निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये इटलीतील खडक पाहून मांडले. कलादगी खोऱ्यात या दोन साध्या वाक्यांचा चांगला उपयोग होतो. कलादगीच्या खडकांचे दोन भाग पडतात; त्यांतील खालच्या बागलकोट गटाचे थर अनेक ठिकाणी वाकलेले, कललेले आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर बदामी गटाचे थर जवळजवळ सपाट बसलेले आहेत. म्हणजे आधी गाळ साचला, त्याचा खडक झाला, भूकवचाच्या हालचालींनी त्याला घड्या पडल्या, तो वर येऊन झिजला आणि त्यानंतर पुन्हा पाणी येऊन नवा गाळ साचला. दोन गटांमधली ती एक रेघ म्हणजे एक अख्खा पर्वत उभा राहून नाहीसा होण्याइतका काळ आहे.

मग आपला तांबडा चिरा कोणत्या वर्गात बसतो? बेळगाव-खानापुरात अर्ध्याअधिक जुन्या भिंती, कुंपणे आणि विहिरींचे कठडे ज्याचे आहेत तो हा दगड, आणि वरवर पाहता तो मातीचा दगड झाल्यासारखा दिसतो. पण तो गाळाचा खडक नाही. चिऱ्याचे शास्त्रीय नाव लॅटराइट. ते नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकांनी १८०७ मध्ये केरळातील अंगडीपुरमच्या दगडावरून दिले. मुसळधार पाऊस आणि कोरडे महिने यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या माऱ्याने मूळ खडकातील सिलिका व इतर द्रव्ये धुऊन निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे जागच्या जागी उरली, तो हा चिरा. ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढले की त्यालाच बॉक्साइट म्हणतात, आणि बेळगावात त्याच्या नावाचा रस्ताही आहे. चिऱ्यातील द्रव्य मुख्यतः वाहून आलेले नसून मागे राहिलेले आहे. गाळाच्या खडकाची पहिलीच अट, म्हणजे प्रवास, त्याने पूर्ण केलेली नाही. मात्र पावसाने चिऱ्याचे खडे सुटून उताराखाली जमले आणि लोहाने पुन्हा सांधले गेले, तर त्या दुसऱ्या पिढीच्या चिऱ्याबाबत हा निवाडा इतका सोपा राहत नाही.

कणांच्या बाबतीतही पिढ्या मोजाव्या लागतात. नविलुतीर्थाच्या खिंडीतून आणि गोकाकच्या कड्यावरून आज सुटणारा वाळूचा कण प्रथम एखाद्या ग्रॅनाइटमधून निघाला, वाहिला, साचला, सांधला गेला, आणि आता तो दुसऱ्यांदा वाळू झाला आहे. पिंडाश्मात आढळणारा क्वार्ट्झाइटचा गोटा तर त्याच्याही पुढे असतो, कारण गोटा होण्याआधीच तो एकदा वाळूचा खडक होता. सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी क्वार्ट्झच्या गोल कणाभोवती सिलिकेची जुनी, घासून गोल झालेली कड दिसते. पहिल्या वालुकाश्मात लागलेला तो सांधा कणाला चिकटून तसाच पुढच्या खडकात आलेला असतो.